कौतिका पुन्हा दूर बसली

वडनेर भोलजी
बुधवार, ता. २ ऑगस्ट १९६७

आज पुन्हा दूर बसली तुही पोरगी. वच्छले, हे काय चाललं आहे ते मले सांग. बायांले महिन्यातून एकदा कावळा शिवते. हिले पंधरवड्यात दोनदा शिवते. न्हाऊन घरात येते, दोन दिवस चूल पाहते, की गोठ्याजवळच्या खोपीत गोधडी टाकून बसलीच. शिवाचं नाही, घरात याचं नाही. मग पानी म्या भराचं, भाकरी म्या थापाच्या, वावरात निंदाले बाया लावल्या त्यांच्या मागं म्या फिराचं. सून आनली ते कायले आनली?

अन घरात असते तवा तरी कोनत्या कामाची? सकाळी बोटं मिटत नाहीत तिचे. पिठात हात घालते अन तसाच ठेवून बसते, जसा काही दुसऱ्याचा हात आहे. दिवस डोक्यावर आला की मग हळूहळू उघडते. डावा टोंगळा सुजून कवठासारखा झाला, पाय गुडघ्यात वाकत नाही, टेकत नाही. वीस-एकवीस वर्षाची पोर अन जिना उतरल्यासारखी ओटा उतरते. शेजारची अन्नपूर्णाबाई काल मले म्हने, "तानाबाई, सून आनली का पाहुनी आनली?" म्या काय म्हनाचं? माह्या भावाची पोर आहे. म्या हट्टानं मांगून आनली. माह्या पोराले, तुळशीरामले, चिखलीची पोरगी सांगून आली होती, चांगली हाडापेरानं मजबूत. म्या म्हनलं नाही, आत्याच्या घरी भाची येईन, परक्याची कायले. आता तोंड कोनापाशी वाजवू?

मलकापूरच्या डॉक्टरनं सांध्याच्या पांढऱ्या गोळ्या देल्या. त्या घेतल्या की दोन दिवसांत मूठ वळते. मले वाटते सुटलो. की हे बाई दूर बसली! गोळी गरम पडते, त्यानं पाळी लवकर येते, असं माह्या ध्यानात आलं. पन हात चालाले पाह्यजे म्हनून गोळी देनंच पडते. पारध्याकडून टोंगळ्यावर बिब्बा घातला, त्याचा फोड आला, बाकी काही नाही.

दीड साल झालं लग्नाले. पाळनाही नाही. कसा हलन? सारा महिना तर खोपीत.

तुह्याकडे होतं का असं? हाव का नाही, एवढंच लिव. माह्या भावाले, निवृत्तीले, विचारत नाही, त्याले ढोरांच्या पलीकडे काही दिसत नाही. तुले विचारते.

तानाबाई


देऊळगाव राजा
शुक्रवार, ता. ११ ऑगस्ट १९६७

अक्का,

तुमचं पत्र मिळालं. वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तुमच्या भावाला दाखवलं नाही. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठावं आहे, उगी डोक्यात राख घालून घेतील आणि एस.टी. धरून तिकडं येतील.

लेकरू आमच्याकडं धडधाकट होतं अक्का. तुम्हीच पाहून पसंत केलं. पाणी बदललं की एखादीचं अंग धरतं. आमच्याकडं विहिरीचं गोड पाणी, तुमच्याकडं जडच. हात-पाय मी कधी तिचे सुजलेले पाहिले नाहीत. खरं सांगते.

एक करा. तिला ठेचा देऊ नका. लहानपणापासून तिला तिखट सोसत नाही. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून द्या, भात असला तर भात द्या. आणि त्या गोळ्या रोज रोज कामून देता? एखाद दिवस राहू द्या की. दिवस वर आला म्हणजे हात आपोआप मोकळा होतो म्हणता ना, मग होऊ द्या तसाच.

दूर बसती तर बसू द्या अक्का. तेवढाच लेकराला आराम. त्या दिवसांत तिच्या मागं मागं कुणाला धाडू नका, ती लाजाळू आहे. परसाकडंही एकटीच जाऊ द्या.

बालाजीला नवस बोलले आहे. सगळं नीट होईल. जावईबापूंना सांगा, मनात काही धरू नका.

तुमची वच्छला


वडनेर भोलजी
बुधवार, ता. ६ सप्टेंबर १९६७

वच्छले,

हाव का नाही विचारलं होतं. तुवा पानी सांगतलं, ताक सांगतलं, बालाजी सांगतला. ताक देऊन पाह्यलं. ताकानं बोटं वळत नाहीत.

तुह्या भरवशावर राह्यली असती तर पोरगी लाकूड झाली असती. म्या तिले अकोल्याले नेलं. नांदुऱ्याहून गाडीत बसलो, मी, तुळशीराम अन ती. हाडाचा मोठा डॉक्टर आहे तिथं. एकेक बोट धरून पाह्यलं त्यानं, मनगट वाकवलं, टोंगळा दाबला. कौतिकानं हूं का चूं केलं नाही. मग तो विचाराले लागला. हे कधीपासून, ते कधीपासून. मधातच म्हने, "पोट कसं आहे हिचं? जुलाब होतात का? शौचातून रक्त, आव?"

म्या म्हनलं, "डॉक्टर, हात दाखवाले आनला आहे, पोट नाही. आमच्या घरी पोटाचं दुखनं कोनाले नाही. दगड खाऊन पचवतो आमी."

तो कौतिकाकडे पाहून म्हने, "तुम्ही सांगा."

ती खाली पाहे. म्या म्हनलं, "ते लाजते. म्या सांगतलं ना नाही म्हनून."

मग म्हने पाळीचं कसं. म्या म्हनलं, ते मातर बम जास्त आहे, महिन्यात दोनदा, कधी तीनदा. तर म्हने ते बायांच्या डॉक्टरीनले दाखवा, माझं काम हाडाचं. म्या म्हनलं ते मागून पाहू, पयले हात.

पयल्यापेक्षा जोराच्या गोळ्या देल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. अन काय सांगू, आठ दिवसांत पोरगी उभी राह्यली. परवा भेंडीची अख्खी ओळ तोडली एका दमानं, मी पाहतच राह्यली. काल दळन दळलं. तुळशीराम बम दिवसांनी हासला. अन्नपूर्णाबाईले म्या मुद्दाम आवाज देऊन बलावलं, म्हनलं ये, पाहुनीच्या हातची भाकर खाऊन जा.

दूर मातर बसतेच. दोन दिवस झाले बसली आहे. बसू दे. हात तर चालते.

तुह्या पान्याचं अन ताकाचं लिवू नोको आता.

तानाबाई


देऊळगाव राजा
शुक्रवार, ता. १५ सप्टेंबर १९६७

अक्का,

हात जोडून सांगते, त्या जोराच्या गोळ्या बंद करा. हात आखडला तर आखडू द्या. कामून ते विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. मला स्वप्न चांगलं पडलं नाही.

दसऱ्याला इथं बालाजीची यात्रा आहे. त्या निमित्तानं तिला महिनाभर इकडं धाडा. मी तिला माझ्या हातानं खायला घालीन आणि दिवाळी झाली की आणून सोडीन. तिला न्यायला तुमच्या भावाला धाडते. नाही म्हणू नका.

आणि डॉक्टरनं जे विचारलं ते तिला एकटीला विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढं मनात आलं. रागावू नका.

वच्छला


वडनेर भोलजी
बुधवार, ता. २० सप्टेंबर १९६७

वच्छले,

गोळ्या बंद करा म्हनते. डॉक्टर तू का तो? स्वप्न पडलं म्हनते. मले तर रोज स्वप्न पडते की म्हैस बोलून राह्यली, म्हनून मी म्हैस इकत नाही.

पऱ्हाटी फुटाले लागली, कापूस दिसाले लागला. दसऱ्याच्या तोंडावर येचनी. अन आता कुठं पोरगी कामाले लागली तर तुले यात्रा आठवली. येचनीच्या बाया इथं भेटत नाहीत अन मी घरची सून पाठवू? निवृत्तीले पाठवू नोको, वाटखर्ची वाया जाईन.

एकटीले विचाराले पाह्यजे होतं म्हनते. काय विचाराले पाह्यजे होतं? मी आत्या आहे तिची. माह्या मांडीवर वाढली नसन, पन रगत एक आहे. माह्यासमोर जे सांगता येत नाही असं कोनतं बोलनं आहे?

तब्येत चांगली आहे. जराशी वाळली. गालाचे हाडं दिसतात, पन ते कामाची सवय नव्हती म्हनून. कारन असन तर लिव. कारन नसन तर माह्या टपालाची वाट पाहू नोको, मले येचनी आहे.

तानाबाई


अकोला, दवाखाना
शुक्रवार, ता. १० नोव्हेंबर १९६७

वच्छले,

तुवा कारन लिवलं नाही. म्याही मग लिवलं नाही. निवृत्ती इथं दोन दिवस बसून गेला, त्यानं सांगतलंच असन. तो डाळिंबं घेऊन आला होता. तिले पानी पचत नव्हतं तवा. ती डाळिंबं बाजूच्या बाईनं खाल्ली.

कसं झालं ते लिवते. सारं नीट आठवत नाही, जेवढं आठवते तेवढं.

दिवाळीच्या पयले येचनी चालू होती. कौतिका माह्या पुढच्या ओळीत होती. ओटीत कापूस भरला होता. बसली. म्या म्हनलं, बस नोको, ऊन चढलं. ती उठली नाही. जवळ गेली तर लुगडं मागून सारं भिजलं होतं, खाली माती काळी झाली होती. म्या म्हनलं, "वं, परवाच तर न्हाली ना तू? पुन्हा?" तिनं ओठ हालवला. कापूस तेवढा धरून ठेवला होता मुठीत. मूठ चांगली वळली होती.

गाडीत घालून नांदुऱ्याले नेलं. तुळशीराम बैल मारे. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडीतच ती बोलली. म्हने, "आत्या, मी दूरची नव्हते."

म्या म्हनलं, "काय?"

म्हने, "कधीकधी असे. बाकीच्या वेळी पोटाचं होतं. परसाकडे रगत पडे. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा. फडकं लागे. घरात सांगतलं असतं तर दुखनंकरी म्हनले असते. दूर बसलं की कोनी विचारत नाही."

म्या तुळशीरामले म्हनलं, बैल जोरानं हान.

नांदुऱ्याहून आगगाडीनं इथं आनलं. इथं पोटाचा डॉक्टर वेगळा आहे. वयानं लहान, बोलते हळू. त्यानं बाहेर बाकावर बसवून सांगतलं. म्हने, हिच्या मोठ्या आतड्याले आतून जखमा आहेत. हे दुखनं पोटाचं आहे अन हाताचं वायलं नाही. आतडं भडकते तवा सांधे सुजतात. म्हने, हात म्हंजे याच दुखन्याचं दुसरं ठिकान. अन सांध्याच्या ज्या गोळ्या देल्या त्या हाताले बऱ्या अन आतड्याले वाईट. त्यानं आतलं सोलून निघालं.

मग म्हने, "आधीच्या डॉक्टरांनी पोटाचं विचारलं नव्हतं का?"

म्या म्हनलं, "विचारलं होतं."

"मग?"

"म्या नाही म्हनलं."

तो उठून गेला, दुसऱ्या खाटेकडे.

तुळशीरामनं दोनदा रगत देलं. सलाइन लावलं. नवव्या का दहाव्या दिवशी रगत थांबलं. आता पिवळ्या गोळ्या आहेत आतड्याच्या, त्यानं लघवीही पिवळीजर्द होते, ती भेली होती पयल्यांदा, सिस्टर म्हने तसंच होते. अन बारीक पांढऱ्या वायल्या, त्या एकदम बंद कराच्या नाहीत, डॉक्टर सांगन तशा हळूहळू कमी कराच्या. सांध्याची गोळी पुन्हा तोंडात घालाची नाही, कितीही दुखलं तरी. हातासाठी सकाळी कोमट पान्यात हात बुडवाचे, बोटं एकेक करून उघडाची, जोर लावाचा नाही. रात्री मनगटाले लाकडाची पट्टी बांधाची, वाकडं नाही झालं पाह्यजे. हे सारं म्या शिकून घेतलं. पट्टी मीच बांधते. सांधे उतरले आहेत. पोट शांत झालं तसे हात शांत झाले, गोळीशिवाय. म्या डोळ्यानं पाह्यलं म्हनून मानलं.

त्या बारीक गोळ्यांनी तोंड गोल झालं आहे तिचं. कालच वडनेरचे कारभारी कामानं आले होते, पाहून म्हने, "वा, अकोल्याचं पानी मानवलं सुनेले!" कौतिका हासली. मी नाही हासली. मले हासू येत नाही अन रडूही येत नाही. भाकर खाते, झोपते, उठते. इथल्या ओट्यावर स्टो पेटवते.

डॉक्टर विचारते की हे कधीपासून. कौतिका म्हनते लग्नानंतर. निवृत्तीले विचारलं तर म्हने बायांच्या गोष्टी मले काय ठाऊक.

तू आली नाही. सारे आले, तू आली नाही. काऊन?

तानाबाई


देऊळगाव राजा
सोमवार, ता. २० नोव्हेंबर १९६७

अक्का,

लेकरू वाचलं, बालाजीनं राखलं. तुम्ही केलं ते कुणी करत नाही. मी रोज दिवा लावते.

मी येणारच होते. म्हैस व्यायला झाली आहे, घरात दुसरं कुणी नाही. ती मोकळी झाली की येते. आणि मी येऊन तरी काय करणार, मला दवाखान्याचं काही कळत नाही. डॉक्टर काही विचारील आणि मी काहीतरीच बोलून जाईन.

लग्नानंतर झालं असं ती म्हणते तर तसंच असंल. तिला जास्त माहीत.

अक्का, एक विचारते, खरं सांगा. चिखलीहून कानावर आलं की तुळशीरामसाठी पुन्हा बोलणं चालू आहे. दुखणंकरी सून कोण ठेवील म्हणून. असं असंल तर तुम्ही मला आधी सांगा, मी तिला घेऊन येते, लोकांच्या तोंडून कळू देऊ नका. तुमच्या भावाला अजून मी काही बोलले नाही. ते ऐकतील तर मला घरात उभं करायचे नाहीत. तुम्हाला माहीत नाही अक्का, ते कसे बोलतात.

वच्छला


अकोला, दवाखाना
बुधवार, ता. ६ डिसेंबर १९६७

वच्छले,

पयले हे वाच, म्हंजे पुढचं वाचशीन. पोरीले कोनी परत पाठवत नाही. चिखलीचा मानूस आला होता, हे खरं आहे. महादेवराव म्हनून आहे, सोयरिकी जुळवनारा मधातला. घरी ओट्यावर बसून म्हने, "तानाबाई, तुमचं वय झालं, घरात चालतीबोलती सून पाह्यजे." म्या म्हनलं, "घरात सून आहे. तुमी चालते व्हा." तुळशीराम तिथंच होता, त्यानं त्याचे जोडे उचलून अंगनात ठेवले. एवढंच. कौतिका माह्या घरी राहीन. बरी राह्यली तरी, नाही राह्यली तरी. हे म्या लिवून देलं, आता पुढचं.

घरी नेलं होतं तिले. बारीक गोळ्या सांगतल्या तशा कमी करत आनल्या. अर्ध्यावर आलो तर पुन्हा रगत. अन रगत लागलं त्याच आठवड्यात मनगट सुजलं, मग टोंगळा. आता मले कोनी सांगाले नोको, टोंगळा पाह्यला की पोटाचं कळते. गाडी जुंपली, नांदुऱ्याहून आगगाडीनं इथं आनलं. पुन्हा तीच खाट भेटली.

डॉक्टर म्हने, गोळ्या वाढवून पाहता येईन, पन जन्मभर तेवढ्या देता येत नाहीत, हाडं ठिसूळ होतात. दुसरा उपाय म्हंजे नागपूरले नेऊन मोठं आतडं काढून टाकाचं. म्हने, आतडं गेलं की हे सांधेही बहुतेक शांत होतात, कारन मुळी तेच आहे. पन मग शौचाची वाट पोटावर कराची, बाजूले भोक, त्याले पिशवी. जन्मभर. म्या विचारलं, पोरबाळ? म्हने होऊ शकते, काहींले होते, मी वचन देत नाही.

तुळशीराम ऐकून बाहेर गेला. संध्याकाळी आला तवा म्हने, "माय, डॉक्टर म्हनन तसं." त्याचंही तोंड माह्यासारखंच झालं आहे आता.

कौतिका म्हनते नोको. म्हनते, "आत्या, पोटावर भोक नोको करू देऊ. त्यापेक्षा हात आखडू दे."

आता नीट आइक. कोनतं कराचं हे एका गोष्टीवर आहे. डॉक्टर म्हने, दुखनं दोन-तीन सालाचं असन तर औषधानं धीर धरून पाहू, पोर तरनी आहे. पन दहा-बारा साल जुनं असन तर ते आतडं आत ठेवनं बरं नाही, त्यात पुढं गाठ धरते, मग हाती काही राहत नाही. म्हने, म्हनून मले नक्की कळाले पाह्यजे. कौतिका लग्नानंतर म्हनते. मले ते खरं वाटत नाही.

काऊन वाटत नाही ते सांगते. म्या पावनेदोन साल पाह्यलं तिले. कोनतं फडकं कुठं वाळवाचं, कोनत्या वेळी परसाकडे जाचं म्हंजे बाया भेटत नाहीत, कोनाले काय सांगून उठाचं. पोट दुखून राह्यलं असन तरी तोंड कसं सरळ ठेवाचं. इतकी सफाई नव्या नवरीले सालभरात येत नाही. दूर बसते म्हनून सांगाचं हेही तिच्या एकटीच्या डोक्यातलं नाही. कोनीतरी तिले शिकवून पाठवलं. कोनी, ते मी विचारत नाही. मले त्याचं काही कराचं नाही. पयले राग आला होता. आता येत नाही. आताचं विचारशीन तर काहीच येत नाही.

काल रात्री तिचे हात कोमट पान्यात धरून बसली होती. म्या म्हनलं, "तुह्या आईले बलावते."

म्हने, "नोको आत्या."

"काऊन?"

"ते रडन."

"रडू दे."

"बाबांले कळन."

म्या म्हनलं, "कळू दे. निवृत्ती माहा लहान भाऊ आहे, तो तुह्या आईले काही बोलला तर मी येऊन त्याच्या ओट्यावर बसन. उठवून दाखव म्हना."

ती पान्यातले बोटं उघडत राह्यली. मग म्हने, "आत्या, आईनं सांगतलं जुनं आहे, तर कापतीन ना?"

म्हंजे तिले ठाऊक आहे. तिनं ठरवलं आहे. आईचं झाकाचं अन आपलं पोट वाचवाचं, दोन्ही एकाच बोलन्यात. अन तूही तेच करशीन, हे मले दिसून राह्यलं. तुले वाटन, डॉक्टरले सांगू नवंच आहे, म्हंजे पोरगी कापनार नाहीत, पिशवी लागनार नाही, घर राहीन. वच्छले, तसं करू नोको. घर राहनारच आहे, ते वर लिवलं. पोट कापाचं का नाही हे तुवा ठरवाचं नाही, म्याही नाही. ठरवाले तो बसला आहे. त्याले खरं पाह्यजे. डॉक्टरनं विचारलं तवा मी मधात बोलली अन काय झालं ते तुले ठाऊक आहे. आता तिच्यासाठी मी कोनतंच उत्तर देनार नाही. तिथं तुलेच उभं राहनं आहे.

म्हैस व्याली असन. नसन व्याली तर शेजारी सांग. जालन्याची गाडी नोको धरू, बुलढान्यावरून मलकापूर ये, तिथून आगगाडी. दवाखान्यात कोनालेही तानाबाई वडनेरवाली विचार, दाखवतीन.

नागपूरचं गुरुवारी, चौदा तारखेले ठरन. डॉक्टर बुधवारी दुपारी खाटेपाशी येतो. बुधवार, ता. तेरा, दुपारच्या आत तू इथं पाह्यजे. येनं होतच नसन तर त्याच्या आत तार कर. तारेत नमस्कार नोको, बालाजी नोको, माफीही नोको. पयल्यांदा रगत दिसलं तवा पोरगी किती वर्षाची होती, तेवढाच आकडा टाक.

तानाबाई